पारोळ्याचा जर्मन

"ओनु नारा सारामिएयो?"

कोणीतरी अगदी कानाशी हे विचारलं, तेव्हा मी गाढ झोपेत होते. बाकावर डोकं, डोक्याखाली ओढणीची घडी. डोळेही न उघडता मी सांगून टाकलं, "सोनगीरनी."

सगळा वर्ग खो खो हसला. मी दचकून उठले. गालावर ओढणीच्या टिकल्यांचे ठसे, आणि शेजारी एक उंच, किडकिडीत मुलगा. तो एकटा हसत नव्हता. माझ्याऐवजी आपल्याला झोप लागली असती तर बरं झालं असतं, असा काहीतरी त्याचा चेहरा होता.

"कोकिळा," फळ्याजवळून कामिनी मॅडम म्हणाल्या, "तो विचारतोय, तू कोणत्या देशाची? सोनगीर हा देश नाही."

"आमच्या आबांना सांगून बघा," मी म्हणाले.

आता मात्र तो हसला. हसताना त्याने मान खाली घातली... आणि माझी झोप उडाली.

तसा माझ्या झोपेचा काही दोष नव्हता. धुळ्यातल्या एका हॉस्पिटलच्या काउंटरवर मी केसपेपर काढते. नाव? वय? गाव? — दिवसभर हेच. कापडण्याचा खोकला, साक्रीचा ताप, शिंदखेड्याचं मोडलेलं मनगट. तेही उभ्याने, कारण काउंटर उंच आणि खुर्ची फक्त कॅशियरला. पुण्याकडच्या कोरियन कंपन्यांत थोडी भाषा येणाऱ्या मुलींना रिसेप्शनवर घेतात, असं कळलं म्हणून मी हा वर्ग लावला होता. काम तेच असेल, पण तिथे बसायला खुर्ची असते म्हणे. माझं मोठं स्वप्न म्हणाल तर एवढंच होतं.

आणि देवपुरात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या खोलीत दमून-भागून पोचावं, तर धडा कोणता? देशांची नावं. 'तुम्ही कोणत्या देशाचे?' म्हणजे फिरून केसपेपरच!

धडा सोपा होता. गुक म्हणजे देश. हानगुक म्हणजे कोरिया, मिगुक अमेरिका, योंगगुक इंग्लंड. आपण इन्दो. देशाच्या नावापुढे 'सारम' लावलं, की झाला त्या देशाचा माणूस. सगळ्यांनीच 'इन्दो सारम' म्हटलं तर सराव कसला होणार, म्हणून मॅडमनी प्रत्येकाला एकेक पुठ्ठ्याचं कार्ड दिलं. मला ऑस्ट्रेलिया आला — होजु. शेजारच्याला जर्मनी — दोगिल.

"चोनुन दोगिल सारामिएयो," तो गंभीरपणे म्हणाला. मी जर्मन आहे.

"वाटत नाही," मी मराठीत म्हणाले. "कुठले तुम्ही खरे?"

"राजस्थान. पाली जिल्हा."

"रोज तिकडून येता?"

"नाही... येतो पारोळ्याहून. बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे आमचं. पारस नाव माझं."

"मग पारोळ्याचे म्हणा की!"

"आमच्यात तसं सांगत नाहीत. पणजोबा ज्या गावाहून आले, तेच आपलं गाव."

"गेलात का कधी तिथे?"

"एकदा. लहान होतो. माकडं आठवतात."

मला हसूही आलं आणि रागही. केसपेपर काढणाऱ्या बाईचा राग हो. माणूस पारोळ्याच्या भिंतीला पाठ टेकून झोपतो, पारोळ्याचं पाणी पितो आणि गाव सांगतो माकडांचं! "अशा पेशंटचा रिपोर्ट पाठवायचा कुठे?" मी विचारलं. त्यावर त्याने पुन्हा मान खाली घातली. ही मान खाली घालायची सवय काही बरी नव्हती. मला बघत बसावंसं वाटायचं.

वर्ग सातला सुटायचा. मला सोनगीरसाठी शिरपूर गाडी, त्याला पारोळ्यासाठी जळगाव गाडी. दोघांनाही स्टँडवरच जायचं, तर वेगळं कशाला चालायचं? पांझरेच्या पुलावरून आम्ही रोज चालत जाऊ लागलो. 'तुम्ही' पुलाच्या अलीकडे राहिलं, पलीकडे पोचेपर्यंत 'तू' झालं.

"आज कोणत्या देशाची?" तो विचारायचा.

"आज इल्बोन. जपानची. दिवसभर वाकून वाकून पाठ गेली."

"आणि काल?"

"काल कुठलीच नव्हते. पासपोर्ट हरवला होता. एका पेशंटच्या भावाने काउंटरवर हात आपटले माझ्यासमोर."

मग तो माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा. पुलावरचा वारा, खाली पांझरेतलं नावापुरतं पाणी, ट्रकचे दिवे... माझे पाय दुखायचे, तरी पूल लांबावा असं वाटायचं. दमलेल्या माणसाला चालावंसं वाटणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळतं.

"तू का शिकतोस कोरियन?" मी एकदा विचारलं.

"घरी सांगितलंय, कोरियाहून कापड मागवायचं आहे."

"आणि खरं?"

"खरं... दुकानात सकाळपासून लोकांना दाखवलेलं कापड रात्री पुन्हा घड्या घालून ठेवतो मी. रोज तेच कापड, त्याच घड्या. इथे आलो की तासभर कोणी 'पारसभाऊ, अजून दाखवा' म्हणत नाही." तो थांबला. "आणि आता तू पण आहेस."

'पण' शब्दावर मी त्याला चिडवायला हवं होतं. जमलंच नाही.

भांडण झालं ते डब्यावरून. दुपारी जेवायला वेळ मिळायचा नाही, म्हणून माझा डबा बऱ्याचदा स्टँडवरच उघडायचा. आईने केलेले फुणके असायचे, डाळीचे, वाफवलेले, किंवा ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. मी डबा पुढे केला की हा म्हणायचा, "नको, भूक नाही." पहिल्या दिवशी ठीक. दुसऱ्या दिवशीही ठीक. पण रोज? दुपारी पारोळ्याहून निघालेला माणूस, ओठ सुकलेले, आणि भूक नाही? पाण्याची बाटली दिली तर तीही नको! आमच्याकडे कोणी डब्यातला घास नाकारला, की तो घास नाकारत नाही, डब्याच्या मालकाला नाकारतो. मी डबा पिशवीत टाकला. पुढचे चार दिवस शेजारी बसायचं सोडून पहिल्या बाकावर जाऊन बसले. तिथे मला झोपताही येईना.

मग एके दिवशी डॉक्टर बाहेरगावी गेले म्हणून लवकर सुटका झाली. मी पाचलाच देवपुरात पोचले. झेरॉक्सच्या दुकानामागे जिना आहे. त्या जिन्याखाली हा उभा. हातात स्टीलचा डबा, तोंडाने भराभर जेवण चाललेलं, आणि दर घासाला मान वाकवून आभाळाकडे नजर.

"भूक नसते ना तुला?" मी म्हणाले.

त्याला ठसका लागला. खोकत खोकत त्याने आधी बाटलीतलं पाणी प्यायलं, घाईघाईने, पुन्हा आभाळाकडे बघत. माझा राग तिथेच थोडा घाबरला.

"दिवस मावळल्यावर मी काही खात नाही, कोकिळा. पाणीपण नाही. चौविहार म्हणतात आम्हा जैनांत. आईचं मोठं ऑपरेशन झालं, ती घरी आली, तेव्हा महाराजसाहेबांसमोर वर्षभराचा नियम घेतला."

"मग सांगायचं ना! तोंडाला काय कुलूप होतं?"

"कंटाळा आलाय गं सांगून सांगून." तो पायरीवर बसला. एकदम दमल्यासारखा दिसला, माझ्याहून दमलेला. "एकदा सांगितलं की सुरू होतं. पाणीपण नाही? मग तहान लागली तर? आजारी पडलास तर? कांदा का नाही? बटाटा का नाही? दुकानात, गाडीत, लग्नात... जर्मनाला कोणी असलं विचारत नाही. तुझ्यापुढे मला नुसता दोगिल सारम राहायचं होतं."

मी त्याच्या शेजारी बसले. दोघांच्या मध्ये त्याचा डबा. ऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर उतरत होतं.

"सरक," मी म्हणाले, "आणि हे काय आहे? गट्टे? दे इकडे."

दुसऱ्या दिवशी मी सकाळची ड्युटी मागून घेतली. सातला काउंटरवर हजर व्हायचं म्हणजे सोनगीरहून अंधारातच गाडी धरायची. दुपारी तीनला सुटले की वर्गाच्या जिन्यावर भिंतीला टेकून डुलकी काढायची. झोप माझी तशीही अर्धीच व्हायची, आता पाव झाली. तिकडे पारसने दुपारच्या ऐन गिऱ्हाइकीत दुकानातून उठायला सुरुवात केली. त्याचे वडील, निर्मलकुमार, गिऱ्हाइकासमोर काही बोलत नसत, पण गजाने मेज ठोकत असत म्हणे. आणि हे सगळं कशासाठी? तर दिवस मावळायच्या आत एका जिन्यावर दोन डबे शेजारी शेजारी उघडता यावेत म्हणून. शहाण्या माणसाने केलं नसतं.

घरी मी आईला सांगितलं, "फुणक्यात कांदा-लसूण घालू नको."

"मंग त्यामा ऱ्हायनं काय?" आई म्हणाली. पण तिने मेथी वाढवली, आणि पुन्हा विचारलं नाही. नुसतं बघितलं.

हिवाळा आला तसा सूर्य लवकर बुडू लागला आणि आमचं जेवण अजून घाईचं झालं. घास तोंडात असताना देशांची उजळणी चालायची. मी चुकले की तो माझ्या भाकरीचा तुकडा पळवायचा. तो मुद्दाम चुकायचा... मी त्याच्या ओठाला लागलेलं पीठ दाखवायची आणि तो नेमका दुसरीकडे पुसायचा. शेवटी एकदा मीच पुसलं. खाली झेरॉक्सचं मशीन तेवढं चालू होतं.

डिसेंबरात मॅडमनी मला थांबवून घेतलं. पुण्याजवळच्या एका कोरियन कंपनीत फोनवर मुलाखत ठरवली होती त्यांनी. मुलाखत झाली. निवड झाली. येणाऱ्या पाहुण्याला नमस्कार करायचा, कोणत्या देशाचे ते विचारायचं, बसवायचं. पुढची भाषा कंपनीच शिकवणार. सोमवारी निघायचं होतं.

"खुर्ची आहे?" पारसने विचारलं.

"फिरती आहे. विचारून घेतलं."

तो हसला, पण मान खाली घातली नाही. पुलावरून बघत राहिला. म्हणाला, "घरी माझ्यासाठी बोलणी चाललीत. पालीकडचं घर आहे. तिकडचेच संबंध आणतात आमच्याकडे, आपल्या गावचे म्हणून."

"माकडांच्या गावचे?"

"कोकिळा..."

"नाही, आता ऐक माझं." मी कठड्याला धरून उभी राहिले. "तू मला आवडतोस. फार आवडतोस. मी इतकी दमलेली आहे, की हे फिरवून, लाजून वगैरे सांगायची ताकद नाही माझ्यात. रविवारी मी घरी आहे. यायचं असेल तर ये, आबांना भेट. पण पालीचा म्हणून येऊ नको. ते गाव तुझं असेल तर तिथली मुलगीच तुझी. पारोळ्याचा असशील, तरच ये. नाही आलास तर मी समजून घेईन." मग माझंच मला पटलं नाही. "नाही, अजिबात समजून घेणार नाही. रडेन. पण सोमवारची गाडी पकडेन."

त्याने माझी पिशवी खांद्यावर घेतली होती, ती स्टँड येईपर्यंत सोडली नाही. मग ती माझ्या हातात दिली आणि जळगाव गाडीकडे वळला.

रविवारी मी सकाळपासून ओट्यावर. गव्हाचं निवडण संपलं, मग तेच निवडलेले गहू पुन्हा निवडले. शिरपूरकडे जाणारी प्रत्येक गाडी हायवेवर थांबली की वाटायचं... आणि वाटणं तसंच राहायचं. ऊन किल्ल्याच्या टेकडीवर चढलं, पिवळं झालं, गेलं. आईने आतून दोनदा हाक मारली. मी पाट्या आत नेल्या, डोळे पुसले. झालं, म्हटलं. पालीचाच निघाला.

तेवढ्यात आबा दारातून कुणाशी तरी बोलताना ऐकू आले.

"कोन गावना शे तू, भाऊ?"

आमचे आबा — माझे वडील, हिलाल आबा म्हणतात त्यांना गावात — प्रत्येकाला आधी हेच विचारतात. मी आतूनच डोकावून पाहिलं. धुळीने भरलेला पारस, हातात भला मोठा पितळी डबा. त्याने मला पाहिलं नव्हतं.

"पारोळाना शे, आबा," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून आमची बोली मी पहिल्यांदाच ऐकत होते. तीन पिढ्या जे कोणी म्हटलं नव्हतं, ते हा दारात उभं राहून सांगत होता.

"पारोळामा कोठे?"

"बाजारपेठमा. निर्मलकुमारना आंडोर. कापडनं दुकान शे."

"अरे!" आबांचा चेहरा उजळला. "मन्हा लगीनना फेटा तठलाच शे! ये, बस."

तो बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, आता मराठीत, "आबा, मला कोकिळाशी लग्न करायचंय. माझ्या घरी सांगूनच आलो. तिथे वेळ लागला, म्हणून उशीर झाला."

आई चौकटीत आली. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हाऊच का तो, बिनकांदाना?"

मी मान हलवली. आईने तेवढ्यावरून काय ठरवायचं ते ठरवलं आणि ताटं वाढली. आबा म्हणाले, "पहिले जेव. मंग बोलूत." दोन ताटं समोरासमोर मांडली. पारसने ताटाकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं. बाहेर अंधार पडला होता. आबांच्या घरात पहिल्याच दिवशी ताट नाकारायचं...

"आबा," मीच बोलले. "दिवस मावळला की तो खात नाही. पाणीसुद्धा घेत नाही. आईसाठी नियम घेतलाय त्याने."

मला वाटलं, आता संपलं. आबांनी स्वतःचं ताट हाताने पुढे सरकवलं.

"पाहुना उपाशी, आनि मी खाऊ?" ते आईला म्हणाले. "झाकी ठेव बठ्ठं. हाऊ आठेच झोपी. सकाळे दिन उगना की संगेच जेवूत. बोलनं तव्हयच."

त्या रात्री आमचं सगळं घर एका मारवाड्याच्या पोरापायी उपाशी झोपलं. मला मात्र महिन्यांत लागली नव्हती अशी झोप लागली.

सकाळी आबा ओट्यावर सूर्याची वाट बघत बसलेले. पन्नास वर्षं शेती केली, पण सूर्याला एवढी घाई त्यांनी कधी केली नसेल. उजाडलं, किल्ल्यावर ऊन आलं, तसे म्हणाले, "चाल, पारोळाकर."

पारसने आधी स्वतःचा डबा उघडला. एका माणसाला एवढा डबा कोणी देत नाही. गूळपापडीने काठोकाठ भरलेला, वर तुपाचा वास.

"कोनी दिधं?" आबांनी विचारलं.

"आईने. म्हणाली, रस्त्यात उघडू नको. तिथे जाऊनच उघड."

"तिले माहीत शे, तू आठे कसाले उना?"

"हो."

"आनि बाप?"

"पप्पा बोलत नाहीयेत माझ्याशी," पारस म्हणाला. "बोलतील कधीतरी... किंवा नाही बोलणार. मी दुकानात रोज जाईन, आबा. कापडाच्या घड्या घालीन. पण पालीकडच्या त्या घरी मी स्वतःच नकार कळवून आलोय."

आबांनी गूळपापडीची एक वडी उचलली. उलटसुलट करून पाहिली. मी, आई, पारस, तिघंही त्या वडीकडे बघत होतो. त्यांनी ती तोंडात टाकली, सावकाश चावली आणि दुसरी उचलून माझ्या हातावर ठेवली.

"तिले सांग," ते म्हणाले, "गोड पोचनं."

दुपारी आम्ही धुळ्याच्या गाडीत होतो. मांडीवर माझी बॅग, पायाशी त्याचा रिकामा डबा. म्हणजे रिकामा नव्हे, आईने परत फुणके भरले होते. धुळ्याहून मी पुण्याच्या गाडीत बसणार, तो पारोळ्याला जाणार. वाईट वाटतच होतं. आता कित्येक दिवस जिना नाही, पूल नाही. पण त्याहून जास्त झोप येत होती, आणि त्याचा खांदा कोणत्याही फिरत्या खुर्चीपेक्षा बरा होता.

"ओनु नारा सारामिएयो?" त्याने हळूच, अगदी कानाशी विचारलं.

मी डोळेही उघडले नाहीत.

"सोनगीरनी," मी म्हणाले. "आनि... पारोळाना जर्मननी."